उघडा कंस

दाउगावपिल्सच्या ट्रॅम डेपोत
झोया अर्काद्येवना हसते ती अशी: )))
डोळे नाहीत, दोन टिंबं नाहीत,
नुसते उजवीकडचे कंस, एकामागे एक,
कापलेल्या नखांसारखे.
रशियन लिहिणाऱ्यांची ही जुनी काटकसर.
एक कंस म्हणजे दारात पाय पुसणं.
तीन म्हणजे खरं हसू.
सात आले तर समजावं,
मेकॅनिक पुन्हा ग्रीसवरून घसरला.

डावीकडचा ( म्हणजे तोंडाचे कोपरे खाली.
तो ती जपून वापरते,
रक्तदाबाच्या घरात मीठ वापरतात तसा.

भाऊ आयर्लंडला, मोनाहनच्या अळिंबीच्या शेडमध्ये.
त्याची मुलगी वेरोनिका, वय चौदा,
तिचं रशियन तुटकं, आत्याचं इंग्रजी मुळीच नाही.
म्हणून मांजरं.
टेबलाशी बसून नाक मुरडणारं मांजर,
वर ठळक अक्षरांत काहीबाही.
आत्या मांजर बघते, अक्षरं सोडून देते
आणि )) पाठवते,
न वाचता पावतीवर अंगठा उठवावा तशी.

एकदा फेब्रुवारीत तिनं कळवलं:
काकडीच्या लोणच्याची बरणी फुटली,
पुसायला गेले ती घसरून
शेजारणीच्या नव्या टोपीवर बसले.
पलीकडून आलं:
💀💀💀

झोयानं कवटी पाहिली होती ती विजेच्या खांबांवर
आणि उंदराच्या औषधावर.
तीन कवट्या. भावाच्या घरात माणसंही तीनच.
मध्यरात्री फोन.
मरणाचा दमलेला भाऊ म्हणाला,
"अगं, हसतेय ती. हसून हसून मेली."
"तीनदा?"
"तीनदा."
फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं,
हसून मेले, असं आपणही म्हणतोच की.
फक्त पुरावा जोडत नाही.

मग तिनं फाइनालाही शिकवलं.
फाइना, तीस वर्षं तिच्याच ट्रॅमवर कंडक्टर.
ती म्हणाली, या पोरांनी मरणाला
भलतंच लाडावून ठेवलंय.
पण तिचाच एक फोटो, घुश्शातला, हात पुढे केलेला,
खाली "सुटे नाहीत? उतरा",
डेपोभर फिरला, समुद्र ओलांडून मोनाहनच्या शाळेत गेला.
रशियनचा र न कळणाऱ्या पोरांनी
त्याचं क्रियापद केलं:
गृहपाठ विसरलात तर बाई तुम्हाला फाइनतात.
ऐकून फाइनानं चष्मा काढला, पुसला,
आणि त्या दिवशी एका विद्यार्थ्याला फुकट सोडलं.

नोव्हेंबरात ती गेली.
इस्पितळात, मंगळवारी, सकाळच्या चहाआधी.

झोयानं फोन उघडला.
कवटी पहिल्याच रांगेत होती,
रोजच्या वापरानं पुढे आलेली, दात काढून.
तिच्यावर बोट ठेववेना.
तिनं लिहिलं: फाइना.
मग खाली, वेगळ्या ओळीत, एकच
(

मोनाहनला संगणकाचा तास चालू होता.
तिथे पहिल्या दिवसापासून बजावलेलं:
कंस उघडा ठेवू नका, सगळं अडतं.
वेरोनिकाच्या बोटांनीच उत्तर दिलं
)

झोयानं ते हसू म्हणून वाचलं.
फोन पालथा घातला.
दुपारच्या दोन फेऱ्या मारल्या,
घंटा गरजेपेक्षा जास्त वाजवली.
संध्याकाळी पुन्हा बघितलं तेव्हा पडद्यावर
तिचा कंस उजव्या कडेला, पोरीचा डाव्या,
एकमेकांकडे पाठ करून.

रात्री उशिरा एक चित्र आलं.
मांजर नव्हतं, वर अक्षरं नव्हती.
वेरोनिकानं आपल्याच पडद्याचा फोटो काढून पाठवला होता.
तिकडच्या बाजूनं
आत्याचा ( डावीकडे होता,
तिचा ) उजवीकडे,
आणि मधे रिकामी जागा,
ट्रॅमच्या मागच्या दाराशी
कंडक्टरची सीट असते, तेवढी.